सगळे गोळे समुद्रात: नॉरफोकच्या किनाऱ्यावरची विमानवेधी तोफांची शाळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ मूळचे नाशिकरोडचे, सध्या इंग्लंडमध्ये नॉरविचला राहतात. सुट्टीत ते मुलीला घेऊन उत्तर नॉरफोकच्या किनाऱ्याकडे गेले असताना लँगम गावाबाहेर शेताच्या कडेला त्यांना काळा, काँक्रीटचा, खिडक्या नसलेला एक घुमट दिसला. मुलीने विचारलं, "बाबा, हे कुणाचं थडगं?" पाटीवरून एवढंच कळलं की दुसऱ्या महायुद्धात विमानवेधी तोफांचं शिक्षण इथे मिळत असे. त्यांचं म्हणणं असं: "देवळालीच्या तोफांचे आवाज ऐकतच मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे तोफखान्याबद्दल आपुलकी आहे. पण इथे लढाई झाली नाही, कुणी मोठं माणूस जन्मलं नाही, इमारत बघायला देखणी नाही. मग इथे जपायचं नेमकं काय? आणि असलं काँक्रीट जपतात तरी कसं?"

मुलीची शंका मला आवडली. घुमट म्हटला की आपल्याकडच्या माणसाला देऊळ, मशीद नाही तर कबर आठवणारच. विजापूरच्या गोल घुमटाचा आतला व्यास साधारण 38 मीटर आहे, लँगमच्या या घुमटाचा 12 मीटर. म्हणजे गोल घुमटाचं पिल्लू म्हणा. पण ते थडगं नव्हे, वर्गखोली आहे. जुन्या काँक्रीटची दुरुस्ती हा माझा व्यवसाय. त्यातली काही वर्षं मी याच किनाऱ्यावर ओल, मीठ आणि गंज यांच्याशी भांडण्यात घालवली आहेत, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो.

आधी एक गैरसमज काढतो. एकट्या घुमटाकडे बघून काही उलगडणार नाही. स्टिफकी, लँगम आणि वेबर्न ही तीन ठिकाणं नकाशावर एकत्र बघा. पश्चिमेला स्टिफकी, तिथून चारेक किलोमीटरवर लँगमची धावपट्टी आणि पूर्वेला दहा-अकरा किलोमीटरवर वेबर्नचा दगडगोट्यांचा किनारा. वेबर्न आणि स्टिफकी इथे तोफांच्या सरावाच्या छावण्या होत्या, लँगमहून त्यांच्यासाठी विमानं उडत, आणि घुमट त्या धावपट्टीच्या कडेला. ही एकच शाळा होती. तिचे वर्ग तीन गावांत पसरलेले होते, आणि फळा होता आकाश.

आता शिकवायचं काय होतं ते बघू, कारण सगळ्या इमारतींचं कोडं तिथेच सुटतं.

'गोलंदाज' म्हटलं की आज आपल्याला बुमराह आठवतो, पण हा शब्द मुळात तोफखान्यातला. तोफेवरच्या माणसाला गोलंदाज म्हणत, क्रिकेटने तो शब्द नंतर उचलला. या जुन्या अर्थाच्या गोलंदाजाची अडचण क्रिकेटवाल्याला चटकन कळेल. धावत्या फलंदाजाला थेट फेकीवर बाद करताना यष्टी जागची हलत नाही. इथे यष्टीच ताशी चारशे किलोमीटर वेगाने पळतेय, सहा किलोमीटर उंचीवरून. ब्रिटिशांची मुख्य जड विमानवेधी तोफ 3.7 इंची, म्हणजे 94 मिलिमीटर तोंडाची. तिचा गोळा साधारण पावणेतेरा किलोचा, तो सेकंदाला जवळपास 800 मीटर वेगाने नळीतून सुटे. तरी त्या उंचीवर पोचायला त्याला दहा ते पंधरा सेकंद लागत. तेवढ्यात विमान एक-दीड किलोमीटर पुढे निघून गेलेलं. म्हणजे आता जिथे विमान आहे तिथे नेम धरून उपयोग नाही, पंधरा सेकंदांनी ते जिथे असेल तिथे नेम धरायचा. वैमानिकाने मधेच वळण घेतलं की सगळं गणित पाण्यात.

शिवाय गोळा विमानावर आदळावा अशी अपेक्षाच नव्हती. गोळ्याच्या टोकाला वेळेचा फ्यूज असे. ठरलेल्या सेकंदाला तो हवेत फुटायचा आणि त्याच्या चिपांनी विमान जायबंदी व्हायचं. म्हणजे दिशा, उंचीचा कोन आणि फुटण्याची वेळ ही तिन्ही उत्तरं एकदम आणि बरोबर यायला हवीत. हे गणित करणारं दातेरी चाकांचं यंत्र म्हणजे प्रेडिक्टर. मोठ्या ट्रंकेएवढी पेटी, भोवती माणसांचा घोळका, कुणी दुर्बिणीतून विमानाचा पाठलाग करतंय, कुणी चाक फिरवतंय. बाजूला लांबलचक नळीसारखं उंचीमापक. पुढे रडार आलं. तोफ या सगळ्यात शेवटची. गोलंदाजाने यंत्राकडून आलेल्या काट्याशी आपला काटा जुळवायचा, बस्स. युद्धाच्या सुरुवातीला तोफखान्यातल्या जुन्या खोडांना ही गोष्ट पचायला जड गेली असणार.

हे सगळं समुद्राकाठीच का? साधं कारण असं की वर गेलेलं खाली येतंच. हवेत फुटलेल्या गोळ्याच्या चिपा आणि न फुटलेले गोळे कुठेतरी पडणार. ते गावावर पडण्यापेक्षा समुद्रात पडलेले बरे. वेबर्नला आणखी एक सोय आहे. तिथला किनारा गोट्यांचा आणि एकदम उतरता, त्यामुळे पाणी काठापासूनच खोल. म्हणून तर शत्रूचं गलबत इथे थेट काठाला लागू शकतं ही भीती शतकानुशतकांची आहे. ज्याला इंग्लंड जिंकायचंय त्याने वेबर्नपासून सुरुवात करावी, अशा अर्थाची जुनी म्हणच त्या भागात आहे. तिसरं कारण मी स्वतः जागेवर उभं राहून ताडलं: हा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे. समुद्राकडे नेम धरताना सूर्य जवळजवळ दिवसभर पाठीशी राहतो. दुर्बिणीला डोळा लावून दिवस काढणाऱ्या पोराच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

वेबर्नला 1935 मध्ये उन्हाळी तंबूंची छावणी सुरू झाली. नोकरीधंदा सांभाळून सैन्यात भरती झालेले टेरिटोरियल आर्मीचे जवान दोन आठवडे यायचे, गोळे उडवायचे, परत जायचे. युद्धाची चिन्हं दिसू लागली तशी ती पक्की, बारमाही छावणी झाली. स्टिफकीची छावणी 1938 च्या सुमाराची. जून 1941 मध्ये चर्चिल स्वतः वेबर्नला प्रात्यक्षिकं बघायला आले होते.

नेम धरायला लक्ष्य हवं, आणि खऱ्या विमानावर गोळे टाकता येत नाहीत. म्हणून दोन उपाय होते. पहिला म्हणजे विमानामागे लांब दोराला बांधलेली कापडी नळी. ती ओढायला हॉकर हेन्ली नावाची विमानं वापरत. मूळ आखणी सूर मारून बॉम्ब टाकण्यासाठीची, पण नशिबी आलं दोर ओढणं. त्या वैमानिकांचं कौतुक कुठल्याच स्मारकावर नाही. शिकाऊ पोरं आपल्या शेपटीवर गोळे टाकताहेत हे माहीत असून रोज उडायचं, याला छाती लागते.

दुसरा उपाय मात्र आजच्या वाचकाला चकित करेल. 'क्वीन बी', म्हणजे राणीमाशी, नावाचं लाकडी सांगाड्याचं दुपंखी विमान, जे वैमानिकाशिवाय रेडिओवर चालत असे. 1935 मध्ये ते पुढे आलं आणि सुमारे चारशे तयार झाली. जमिनीवरचा चालक त्याला आज्ञा कशी द्यायचा? टेलिफोनच्या डायलने! जुन्या काळ्या फोनवर बोट घालून आकडा फिरवायचो तसा आकडा फिरवला की विमान डावीकडे, दुसरा फिरवला की उजवीकडे. वेबर्नला ही विमानं गोफणीसारख्या यंत्रातून हवेत फेकत. आज लग्नाच्या मांडवावर भिरभिरणाऱ्या यंत्राला आपण ड्रोन म्हणतो. त्या शब्दाचा उगम या राणीमाशीत आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. राणीमाशीचं प्रात्यक्षिक पाहून अमेरिकी नौदलाने आपलं तसंच यंत्र केलं आणि राणीचा मान राखून त्याला नर माशीचं नाव दिलं.

आता तुमच्या 'इथे लढाई झाली नाही' या मुद्द्याकडे येतो, कारण माझं उत्तर त्याच्यातच आहे. इथे लढाई झाली नाही, इथे चुका झाल्या. हजारो माणसांना इथे मनसोक्त चुकायची मुभा होती, आणि तीच या जागेची कमाई आहे.

चुकण्याची किंमत किती होती ते बघा. सप्टेंबर 1940 मध्ये लंडनवर रात्रीचे हल्ले सुरू झाले तेव्हा एक विमान पाडायला वीस ते तीस हजार गोळे खर्ची पडत होते. 1941 उजाडेपर्यंत तो आकडा चार हजारांच्या आसपास आला. रडारची नीट जुळणी, हिशोबाच्या सुधारलेल्या पद्धती आणि शिकलेली माणसं, या तिन्हींनी मिळून तो उतरवला. हिशोबाची बाजू सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञांच्या टोळीचा म्होरक्या होता पॅट्रिक ब्लॅकेट, पुढे नोबेल मिळवलेला भौतिकशास्त्रज्ञ. त्याच्या चमूला गमतीने 'ब्लॅकेटची सर्कस' म्हणत. तोच ब्लॅकेट स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंच्या बोलावण्यावरून भारतात आला आणि आपल्या संरक्षण-संशोधनाची घडी कशी असावी याचा सल्ला 1948 मध्ये दिला.

ब्लॅकेटची एक गोष्ट या किनाऱ्याला अगदी चपखल बसते. आकडे तपासताना दिसलं की समुद्रकाठच्या तोफा दर विमानामागे आतल्या तोफांच्या निम्म्याच गोळ्यांत काम भागवतात. का बरं? रडार समुद्रावर नीट चालतं का? किनाऱ्यावरचे जवान जास्त तरबेज का? बराच खल झाला. शेवटी उत्तर निघालं ते भलतंच. आतल्या भागात विमान पाडल्याचा दावा केला की लोक जाऊन अवशेष शोधायचे, सापडले नाहीत की दावा रद्द. समुद्रावर केलेला दावा तपासणार कोण? समुद्र साक्ष देत नाही. त्यामुळे किनारेवाल्यांचे दावे जसेच्या तसे धरले जात होते. मला ही गोष्ट वारसा-जतनाच्या कामातही पदोपदी आठवते. समुद्राकाठी जे घडलं त्याचा पुरावा समुद्र गिळतो.

या शाळेत फक्त पुरुष शिकत नव्हते. पुढे विमानवेधी दलाचे प्रमुख झालेले जनरल फ्रेडरिक पाइल यांनी 1938 मध्येच कॅरोलाइन हॅस्लेट या अभियंता बाईंना छावण्या दाखवून विचारलं होतं की यातलं कोणतं काम बायका करू शकतील. बाईंचं उत्तर होतं की जड ओझी उचलणं सोडलं तर सगळं. 1941 पासून मिश्र तुकड्या उभ्या राहिल्या. बायका प्रेडिक्टर, उंचीमापक, रडार सांभाळत. तोफ डागण्याचं काम मात्र नियमाने पुरुषांकडेच. म्हणजे विमान कुठे जाणार हे बाईने ठरवायचं आणि खटका पुरुषाने ओढायचा! युद्ध ऐन भरात होतं तेव्हा या दलात पन्नास हजारांहून अधिक बायका होत्या. चर्चिल यांची धाकटी मुलगी मेरी अशाच तुकडीत होती.

आणि आता तुमचा घुमट. खरा सराव महाग असतो. विमान, वैमानिक, दारूगोळा, शिवाय नॉरफोकचं हवामान: चार दिवस ढग, एक दिवस ऊन. पण डोळा आणि हात यांची सवय तर रोज व्हायला हवी. पोर्टस्मथच्या नौदल तोफखाना शाळेत हेन्री स्टीफन्स नावाच्या अधिकाऱ्याने 1940 मध्ये यावर तोड काढली. अर्धगोल खोली बांधायची, आतून पांढरीशुभ्र गुळगुळीत, म्हणजे तेच आकाश. प्रोजेक्टर आणि आरशांच्या साहाय्याने त्यावर झेपावणाऱ्या शत्रूविमानाची फिल्म टाकायची. इंजिनाची घरघर आणि तोफेचा धडाका ध्वनिफितीवर. मधोमध खोटी तोफ आणि तिच्यावर शिकाऊ जवान. बरोबर नेम कुठे हवा तिथे फिल्मवर ठिपका असे. शिकवणाऱ्याला तो दिसायचा, पण शिकाऊ जवानाच्या नेमयंत्रावरच्या रंगीत काचेमुळे त्याला तो दिसत नसे. त्यामुळे आपण किती पुढे किंवा मागे नेम धरतोय हे त्याला कळायचं नाही, मास्तरांना मात्र कळायचं. क्रिकेटच्या नेटमधला सराव आणि आजकालची सिम्युलेटरची खोली, दोन्ही एकात. असे घुमट देशभर डझनावारी उभे राहिले. आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत: लँगम, दक्षिण किनाऱ्यावर शोरॅम, वेल्समध्ये पेंब्री, उत्तर आयर्लंडमध्ये लिमावाडी. लँगमचा घुमट साधारण 1942-43 चा.

युद्ध संपलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत क्षेपणास्त्रांनी या तोफांना घरी बसवलं. वेबर्नची छावणी 1950 च्या दशकाअखेर बंद झाली. इमारती पाडणं सुरू झालं, पण काही उरल्या, आणि तिथे 1988 मध्ये मकलबर्ग कलेक्शन हे खासगी युद्धसंग्रहालय उघडलं. रणगाडे, तोफा, गाड्या भरपूर. मुलीला आवडेल. पण माझा खवचट सल्ला असा की रणगाडे पटकन उरका आणि बाहेर येऊन जमिनीकडे बघा. गवतात बुडालेले काँक्रीटचे चौथरे, कुठेच न जाणारे रस्ते, कड्याच्या टोकाशी अर्धवट लटकणारं बांधकाम. खरी छावणी ती आहे.

स्टिफकीला खाजणात 'व्हर्लिगिग' नावाचं काँक्रीटचं वर्तुळ आहे. युद्धानंतर, 1950 च्या दशकात, अमेरिकी फौजा इथे सरावाला होत्या. त्यांनी दोराला बांधलेली लहान लक्ष्यविमानं या वर्तुळाभोवती गरगर फिरवून हवेत सोडायची सोय केली होती. आपल्या जत्रेतला विमानांचा पाळणा आठवा. आज भोवती सगळी खारवट झुडपं आणि पक्षी. याच पट्ट्यातल्या निळसर शिंपल्या 'स्ट्यूकी ब्लूज' म्हणून नावाजलेल्या. आपल्याकडे तिसऱ्यांसाठी बायका खाडीत उतरतात तशा तिथल्या बायका चिखलात उतरून त्या गोळा करत. लँगमच्या धावपट्टीवर पुढे टर्की पाळायच्या शेड आल्या. 1944 मध्ये जिथून ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या स्क्वाड्रनची ब्यूफायटर विमानं शत्रूच्या जहाजांवर झेपावत होती, तिथे ख्रिसमसचं जेवण वाढत होतं. मला यात काही वावगं वाटत नाही. टर्कीवाल्यांनी धावपट्टी उखडली नाही, म्हणून तर ती उरली.

अशा छावण्यांचं नशीब ठिकठिकाणी वेगळं निघालं. कॉर्नवॉलमधल्या क्लीव्ह छावणीच्या जागी आज उपग्रहांचे संदेश टिपणाऱ्या मोठमोठ्या ताटल्या आहेत. वेल्समधल्या मॅनोरबियरला अजूनही सैन्याचा विमानवेधी सराव चालतो. आणि वेल्सच्याच पश्चिम किनाऱ्यावरच्या टॉनव्हॅनाऊची कथा तर आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याची आहे. 1972 मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. ब्रिटनमध्ये सत्तावीस-अठ्ठावीस हजार लोक आले. त्यांतल्या हजाराहून अधिक जणांना पहिला हिवाळा काढायला ही ओसाड पडलेली तोफखान्याची छावणी मिळाली. बहुतेक गुजराती, त्यांच्यात काही गोंयकारही. कंपालाच्या उबेतून उठून वेल्सच्या बोचऱ्या वाऱ्यात, ज्या बराकींत कधीकाळी तोफखान्याची पोरं झोपत त्यांत लेकुरवाळ्या बायका. स्वयंपाकघरात तिखट-मसाल्याची शोधाशोध. आता सांगा, टॉनव्हॅनाऊचा वारसा कुणाचा? रॉयल आर्टिलरीचा, वेल्सचा, की लेस्टरला किराणा दुकान थाटलेल्या एखाद्या आजींचा? मला विचाराल तर तिथल्या एखाद्या भिंतीचा तुकडा वाचवायचा झालाच तर दोन्ही गोष्टी एकाच पाटीवर लिहायला हव्यात.

जतनाकडे वळतो. इथे मी जरा रमणार आहे, माफ करा.

युद्धकाळातलं काँक्रीट घाईत ओतलेलं असतं. सिमेंट मोजूनमापून, पोलाद दुर्मीळ, आणि किनाऱ्यावर खडी-वाळू हाताशी म्हणून बहुतेकदा समुद्राचीच, नीट न धुतलेली. म्हणजे मीठ पहिल्या दिवसापासून आत. सळईवरचं काँक्रीटचं कव्हर कुठे दोन इंच, कुठे नखाएवढं. पाच-दहा वर्षं टिकलं तरी पुष्कळ, अशा हिशोबाने बांधलेली वस्तू ऐंशी वर्षं उभी आहे, हेच आधी नवल.

ताज्या काँक्रीटमध्ये अल्कली असते, ती सळईला गंजापासून राखते. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं झिरपत ती अल्कली मारतो. हे कुठवर आलंय ते बघायला ताज्या फोडलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडायचं. गुलाबी झालं की काँक्रीट जिवंत, पांढरंच राहिलं की राखण संपली. ही रेघ सळईपर्यंत पोचली आणि जोडीला मीठ असलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट फुगतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. हे कळायला यंत्र लागतंच असं नाही. हातोडीने ठोकत जा. घट्ट जागी टणक आवाज, सुटलेल्या जागी पोकळ, जसं कलिंगड ठोकून बघतो तसं.

इथे माझी एक चूक कबूल करतो. उमेदवारीच्या काळात याच पूर्व किनाऱ्यावरच्या एका युद्धकालीन बांधकामाला मी फुटलेल्या जागी चांगलं दणदणीत, सिमेंट जास्त असलेलं ठिगळ लावलं होतं. दिसायला नामी. तीन वर्षांत ठिगळ शाबूत आणि त्याच्या भोवतीचं जुनं काँक्रीट फुटलेलं. कारण विजेचं आहे. आधी गंजणारा तुकडा स्वतः खराब होत शेजारच्या सळईला वाचवत असतो. त्याला आपण निरोगी केलं की गंजायची पाळी शेजाऱ्यावर येते. तेव्हापासून मी ठिगळाआधी सबंध सळईचा नकाशा काढतो, कुठे किती मीठ शिरलंय ते मोजतो, गरज पडली तर जस्ताचे तुकडे बसवतो. सळईऐवजी ते गंजतात. आणि बऱ्याच वेळा काहीच करत नाही, नुसतं पाणी साचू देत नाही.

घुमटाची आणखी एक खोड असते. पातळ कवच, खिडकी नाही, बाहेर थंडी, आत माणसांचे श्वास. आतल्या भिंतीला दव धरतं. साध्या गोदामात ते चाललं असतं, पण इथे आतला गिलावा हाच पडदा आहे, तोच मूळ ऐवज. तो फुगला, डागाळला की घुमट नुसतं टोपलं उरतं. म्हणून अशा वास्तूत बाहेरच्या भेगेइतकीच आतल्या हवेची काळजी घ्यावी लागते. लँगमचा घुमट कित्येक वर्षं बेवारस पडून होता. गावकऱ्यांनी मित्रमंडळ काढलं, उत्तर नॉरफोकचा ऐतिहासिक वास्तूंचा न्यास पुढे आला, लॉटरीच्या निधीतून पैसा मिळाला आणि 2014 मध्ये तो लोकांसाठी उघडला. आज ते संरक्षित स्मारक आहे. मुख्य म्हणजे तिथे पुन्हा घुमटाच्या आत चित्र पडतं. असं पुन्हा चालवून दाखवणं मला रंगरंगोटीपेक्षा मोलाचं वाटतं. या इमारतीचा अर्थ तिच्या वापरातच आहे. अंधार करून आकाश पेटवलं नाही तर मुलीचं 'थडगं' बरोबरच ठरतं.

सगळंच वाचवता येत नाही. वेबर्नचा कडा दरवर्षी थोडाथोडा समुद्रात जातोय, त्याच्याबरोबर तोफांचे चौथरेही. त्यासाठी समुद्रात भिंत बांधा असं म्हणणारे उत्साही लोक मला भेटलेत. मी विरोधात आहे. एका जागी भिंत घातली की पुढच्या गावाचा किनारा उपाशी राहतो, कारण कड्याची झीज हाच पुढच्या पुळणीचा खुराक. अशा वेळी मोजमाप, फोटो, नकाशे, आठवणी यांची पक्की नोंद करायची आणि वस्तूला जाऊ द्यायचं. ब्रिटनमध्ये 1995 ते 2002 या काळात 'डिफेन्स ऑफ ब्रिटन' नावाचा उपक्रम झाला. शेकडो हौशी लोकांनी गावोगाव हिंडून विसाव्या शतकातल्या जवळपास वीस हजार लष्करी ठिकाणांची नोंद केली. तज्ज्ञ मूठभर, बाकी पोस्टमन, मास्तर, निवृत्त बँकवाले.

'जपायचं काय' याला माझं थेट उत्तर असं: जागांमधलं नातं. तोफ कुठे, प्रेडिक्टर कुठे, धावपट्टी कुठे, समुद्र कुठे, घुमट कुठे, आणि एकमेकांपासून किती लांब. संग्रहालयात चकचकीत केलेली 3.7 इंची तोफ जगात बऱ्याच ठिकाणी बघायला मिळते. पण ती कुठल्या दिशेला तोंड करून, कुणाच्या सांगण्यावरून, कशावर उडायची हे फक्त जागाच सांगते. म्हणून एखादा विकासक "चौथरा उचलून पलीकडे नीट मांडून देतो" म्हणाला की मी नको म्हणतो. उचललेला चौथरा म्हणजे नुसती खडी.

तुमच्या देवळालीचा धागाही इथवर येतो. युद्धकाळात हिंदुस्थानी सैन्याची विमानवेधी तोफांची शाळाही समुद्राकाठीच होती, कराचीला. फाळणीनंतर ते शिक्षण देवळालीच्या तोफखाना शाळेत आलं, आणि 1989 मध्ये ओडिशाच्या गोपाळपूरला, पुन्हा समुद्राकाठी गेलं. म्हणजे मधली चार दशकं ही विद्या तुमच्या नाशिकरोडच्या शेजारी नांदत होती. नाशिक, देवळाली, भगूर भागात त्या काळात शिकवलेले, शिकलेले निवृत्त सुभेदार, हवालदार अजून असतील. पुढच्या खेपेला घरी गेलात की कुणाकडे तरी चहाला बसा आणि प्रेडिक्टरवर उभं राहून काय काय ओरडायचे ते विचारा. हुकूम कोणत्या भाषेत, शिव्या कोणत्या भाषेत, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. परवानगी घेऊन फोनवर ध्वनिमुद्रण करा. छावणीच्या आत मात्र फोटो काढत हिंडू नका, ते चालतं सैन्यदल आहे.

आणि या सुट्टीत मुलीला परत न्याल तेव्हा थोडी काळजी घ्या. घुमट आणि संग्रहालय दोन्ही रोज उघडी नसतात, आधी बघून जा. स्टिफकीच्या खाजणात भरतीची वेळ पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नका. पाणी समोरून न येता मागच्या खाड्यांतून भरतं, आणि परतीची वाट कधी गेली ते कळत नाही. वेबर्नच्या पुळणीवर किंवा कड्याच्या पायथ्याशी गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावू नका, पायाने ढोसू नका. जागा लक्षात ठेवून लांब जा आणि पोलिसांना किंवा तटरक्षकांना कळवा. ऐंशी वर्षांपूर्वी न फुटलेल्या गोळ्याला आपण कधी फुटायचं ते ठरवायचं अजून बाकी असतं.

मग गोट्यांवर पाठ दक्षिणेकडे करून दोघं उभे राहा. एखादा सीगल समुद्रावरून आडवा जाताना दिसला की मुलीला सांगा, पंधरा आकडे मोजायच्या आत हा कुठे असेल त्या जागी बोट दाखव. मोजा, आणि बघा किती चुकते ते.